गंगथडींतील नाव : परभणी जिल्ह्यांतील गोदावरी जलमार्ग होती काय ?

इ. स. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमानें चौथ्या क्रमांकाच्या जलमार्गाची मर्यादा वाढविली आणि पूर्वीं भद्राचलमपासून राजमहेंद्रीपर्यंत असलेला गोदावरीचा भाग वर नाशिकपर्यंत नेला. त्यामुळें पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांच्या शिवांवरून वाहणारी गोदा कायद्याच्या दृष्टीनें जलमार्ग ठरली. कायदा पुढील काळाकडे पाहून होतो; मागें काय होतें याचा निर्णय त्यांत नसतो व नसावाही. परंतु असा ठराव एकदां झाला कीं त्यास इतिहासाचा टेकू शोधण्याची हौस उत्पन्न होते. प्रतिष्ठानचे व्यापारी आपला माल नावांत भरून गोदेच्या प्रवाहानें पूर्वसमुद्रास नेत असले पाहिजेत, अशीं अनुमानें मग सहज निघूं लागतात, आणि अनुमानाचें विधान होण्यास फार वेळ लागत नाहीं.

हा प्रश्न उपलब्ध साधनांवरून तपासून पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. परभणीच्या गोदेवर नाव होती; परंतु ती नदी ओलांडण्याची नाव होती, नदीनें प्रवास करण्याची नव्हे. हा भेद वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. तथापि गंगथडीच्या जुन्या कागदांतील कित्येक मजकुरांचा अर्थ या भेदावर अवलंबून आहे, असें आमच्या अनुभवास आलें आहे.

प्रथम नदीचा स्वभाव पाहूं. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावून सुमारें १,४६५ किलोमीटर वाहणारी ही नदी मराठवाड्यांत काळ्या पाषाणाच्या थरांवरून जाते. पात्रांत कोठें खोल डोह, तर कोठें खडकाचे आडवे पट्टे. दोन्ही कांठ काळ्या मातीचे, उंच, आणि ओढ्यांनीं जागोजागीं चिरलेले. पाणी सर्वस्वीं पावसाळ्याचें. आषाढापासून आश्विनापर्यंत नदी दुथडी वाहे, तेव्हां प्रवाहाच्या जोरामुळें उलट दिशेनें भरलेली नाव नेणें अशक्यप्राय. आणि कांठ ओढ्यांनीं तुटलेले असल्यामुळें दोर लावून ती ओढीत नेण्यास सलग वाटही नाहीं. पुढें दिवाळी उलटल्यावर पाणी उतरे, खडक उघडे पडत, आणि जेथें चार महिने नाव लागे तेथून गाड्या व गुरें पायउताराने जात. म्हणजे पाणी होतें तेव्हां वेग आवरत नसे, आणि वेग ओसरला म्हणजे पाणी पुरत नसे. मालवाहतुकीस लागणारें स्थिर, सलग व बारमाही पाणी या दोन अवस्थांपैकीं एकींतही नव्हतें.

आतां साधनांकडे वळूं. सर्वांत जुना व बाहेरचा साक्षी म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रंथाचा अनामिक ग्रीक कर्ता. पैठण व तगर, म्हणजे आजचें तेर, या दोन मोठ्या बाजारपेठांचा तो नांवानें उल्लेख करितो. पैठणहून अकीकासारखे खडे आणि तगराहून जाडेंभरडें कापड भडोचच्या बंदरास येई, असें तो सांगतो; आणि हा सर्व माल धड रस्ते नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशांतून गाड्यांवर घालून आणीत, असेंही स्पष्ट लिहितो. पैठण हें गोदेच्या कांठींच वसलेलें नगर. त्याच्या दाराशीं नदी असतां व्यापाऱ्यांनीं वीस दिवसांचा बिकट गाडीमार्ग पत्करून पश्चिम समुद्र जवळ केला. नदी पूर्वेस वाहते आणि भडोच पश्चिमेस आहे, हें खरें; तेव्हां एवढ्यावरून पूर्वेकडे नावा जातच नव्हत्या असें सिद्ध होत नाहीं, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु तगर हें पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर आहे असें सांगतांनाही हा ग्रंथकार गोदेच्या जलवाहतुकीचा शब्द काढीत नाहीं. समुद्रव्यापाराची खडान्‌खडा माहिती देणाऱ्या माणसाचें हें मौन उपेक्षणीय नाहीं.

याच संबंधांत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णि याच्या जहाजाच्या चित्राच्या नाण्यांचा दाखला देण्यांत येतो. नाणेंसंग्राहकांस ठाऊक आहेच कीं हीं नाणीं आंध्राच्या समुद्रकांठाशीं निगडित असून त्यांवरील जहाज डोलकाठ्यांचें, समुद्रावरचें आहे. सातवाहनांचें राज्य दोन्ही समुद्रांस भिडलें होतें, एवढें त्यावरून म्हणतां येईल. मधली नदी नावांनीं गजबजलेली होती, हें त्या नाण्यांवरून निघत नाहीं.

दुसरा साक्षी सतराव्या शतकांतील फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निअर. त्याचें प्रवासवर्णन इ. स. १६७६ मध्यें छापलें गेलें. सुरतेहून गोवळकोंड्यास जाणाऱ्या वाटेचे मुक्काम देतांना तो औरंगाबादेनंतर अंबड, आष्टी वगैरे ठिकाणें ओलांडून नांदेडास येतो. आष्टी आणि नांदेड यांच्यामधला मुलूख म्हणजेच बहुतांशीं आजचा परभणी जिल्हा. हा सर्व टप्पा गोदेस जवळजवळ समांतर असतां टॅव्हर्निअरच्या गाड्या कोरड्या जमिनीवरूनच चालल्या. नदीचा उल्लेख येतो तो नांदेडास, आणि तोही ती ओलांडण्यापुरता : दर गाडीस चार रुपये भरावे लागत, आणि पलीकडे जाण्यास तेथील अधिकाऱ्याचा लेखी परवाना लागे. ज्याच्याजवळ मौल्यवान व हलका माल आहे, ज्यास गाडीच्या खडखडाटाचा कंटाळा आहे, असा माणूस नाव मिळती तर नदीनें गेला नसता काय ?

टॅव्हर्निअरच्या या नोंदींत आणखी एक मौज आहे. नांदेडची नदी पुढें गंगेस मिळते, असें तो लिहितो. भूगोलाच्या दृष्टीनें ही ढोबळ चूक. परंतु तिचें मूळ उघड आहे. गोदेच्या दोन्ही थड्यांवर तिला आजही गंगाच म्हणतात. गंगाखेड हें नांव त्यावरूनच पडलें, आणि मुलखास गंगथडी म्हणतात तेंही त्यामुळेंच. प्रवाशानें नावाड्याच्या किंवा गाडीवानाच्या तोंडचा शब्द ऐकला व तो आपल्या नकाशांतील गंगेस जोडून दिला. परकीय साधनें वाचतांना चुकीच्या विधानांतही खरा ऐकीव शब्द कसा टिकून राहतो, याचें हें चांगलें उदाहरण होय.

तिसरा साक्षी आपली भाषाच. गोदाकांठच्या आपेगांवाशीं ज्यांच्या घराण्याचा संबंध, त्या ज्ञानेश्वरांनीं शके १२१२ मध्यें भावार्थदीपिका सांगितली. तिच्या बाराव्या अध्यायांत भगवंत भक्तांस भवसागरांतून पार नेतो, त्या प्रसंगाचें रूपक आहे. रूपक सागराचें असलें तरी त्यांतील सामग्री नदीच्या उतारावरची आहे. सडा माणूस असेल त्यास कांसेस लावून न्यावयाचें; प्रपंचासकट आलेल्यास तरीवर घालावयाचें; कोणाच्या पोटाशीं पेटी बांधावयाची. एकट्या उतारूची सोय वेगळी आणि बायकामुलांसह आलेल्याची वेगळी, ही व्यवस्था ज्यानें डोळ्यांनीं पाहिली आहे त्यासच सुचेल. सातव्या अध्यायांतील मायानदीच्या रूपकाचीही हीच गोष्ट. दोन्हीकडे प्रश्न एकच : पलीकडे कसें जावें. नावेंत बसून नदीच्या ओघानें गांवोगांव जाण्याचें चित्र या ठिकाणीं नाहीं.

बोलीचा कोश उघडला तरी हेंच दिसतें. ऐलतीर, पैलतीर, ऐलथडी, पैलथडी, तर, उतार, सांगड, पेटी, नदी उतरणें, पार होणें, हे सर्व शब्द आडव्या जाण्याचे. उतारू हा शब्दसुद्धां उतरणें या क्रियापदापासूनच आलेला आहे. याच्या उलट लांबच्या जलप्रवासाचे शब्द, जसे शीड, डोलकाठी, सुकाणू, गलबत, मचवा, तांडेल, हे मराठींत कोंकणकिनाऱ्याचे आहेत. घाटावर त्यांचें काम पडत नसे. भाषा गरजेपुरतेच शब्द बाळगते, आणि गंगथडीच्या भाषेची गरज पैलतीरापर्यंतच होती.

चौथा साक्षी युद्धाचा. परभणीच्या सीमेच्या वरच्या अंगास, बीड जिल्ह्यांत, गोदेच्या दक्षिण तीरीं राक्षसभुवन आहे. इ. स. १७६३ च्या उन्हाळ्यांत निजामअल्लीनें पुणें लुटलें, आणि मराठ्यांनीं उलट त्याचा मुलूख मारीत हैदराबादेपर्यंत धडक दिली. पुढें पावसाळ्यांत निजामअल्ली औरंगाबादेच्या रोखानें परतला. कांहीं फौजेसह तो स्वतः गोदा उतरून उत्तर तीरीं गेला. त्याचा दिवाण राजा विठ्ठल सुंदर मागील फौज घेऊन दक्षिण तीरीं राहिला. १० ऑगस्ट रोजीं, श्रावणाच्या अगदीं आरंभीं, माधवराव व रघुनाथराव यांनीं या मागें राहिलेल्या अर्ध्या सैन्यावर झडप घातली. विठ्ठल सुंदर पडला. पलीकडील तीरावरून धन्यास सर्व दिसत होतें. पण भरल्या नदीमुळें मदत पाठवितां आली नाहीं. या लढाईचीं कारणें अनेक सांगतां येतील. परंतु सैन्याचे दोन तुकडे कां झाले याचें कारण एकच, कीं पुराच्या पाण्यावरून नावांनीं फौज उतरविणें हें फार संथ काम असे. जो इतिहासकार आजचें धरणामागचें निवांत पाणी पाहून राक्षसभुवनाचा विचार करील, त्यास विठ्ठल सुंदराची कोंडी कळावयाची नाहीं.

पुढें चाळीस वर्षांनीं, १८०३ च्या ऑगस्टांत, अहमदनगरचा किल्ला घेऊन आर्थर वेल्स्ली गोदेवर आला. त्यानें टोक्याजवळ नदी उतरली ती वेताच्या सांगाड्यावर चामडें मढविलेल्या टोपलीवजा नावांतून, आणि या नावा त्याच्या लोकांनीं मुद्दाम तयार केलेल्या होत्या. मराठ्यांच्या घोडदळास उतार सांपडल्याशिवाय नदी ओलांडतां येत नाहीं. तेव्हां ज्याच्याजवळ नावा आहेत त्यास पावसाळाच अनुकूल, हें त्याचें सूत्र प्रसिद्ध आहे. आमच्या प्रश्नास त्यांतून उत्तर मिळतें तें असें : गोदेवर माल वाहणाऱ्या नावांचा तांडा सदैव चालत असता, तर फौजेनें प्रथम त्या नावा धरल्या असत्या, स्वतः टोपल्या विणीत बसण्याचें कारण पडलें नसतें.

पांचवा साक्षी तर गोदेस जलमार्ग करण्यासाठींच पुढें आलेला. धवलेश्वरमचा बंधारा (१८४७-१८५२) बांधणारा आर्थर कॉटन व त्याचा सहकारी हेग यांनीं वऱ्हाडचा कापूस नदीनें समुद्रास नेण्याची योजना आंखली. अमेरिकेंतील यादवीमुळें (१८६१-१८६५) विलायतेंत कापसाचा तुटवडा पडला, तेव्हां या योजनेस जोर चढला. मार्गांत खडकांचे तीन मोठे अडथळे होते : दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि देवलमरी. यांपैकीं तिसरा गोदेवर नसून प्राणहितेवर आहे, हें लक्ष्यांत घ्यावें. म्हणजे जलमार्ग संगमापाशीं मुख्य गोदा सोडून प्राणहिता-वर्धेच्या अंगास वळविला होता. कापूस वर्धेकडे होता हें एक कारण. परंतु गोदेच्या एकंदर पाणलोटाचा सुमारें एक तृतीयांश भाग एकट्या प्राणहितेचा आहे, आणि संगमाच्या वर मुख्य गोदा पुष्कळच क्षीण आहे, हेंही तितकेंच खरें. १८६७ मध्यें आगगाडी नागपुरास पोंचली, आणि १८७१ मध्यें नदीचें काम सोडून देण्यांत आलें. ज्या माणसांनीं गोदेवर नाव चालविण्याची जिद्द धरली, त्यांनींही नांदेड-परभणीच्या गोदेकडे मोर्चा वळविला नाहीं. पुढें १९०१ च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग पुरा झाला तोही सेलू, परभणी, नांदेड असा, म्हणजे जवळजवळ टॅव्हर्निअरच्या गाड्यांच्याच दिशेनें. त्या लोहमार्गास ‘गोदावरी व्हॅली’ असें नांव पडलें. प्रवासी मात्र खोऱ्यांतून गेले, नदींतून नव्हे.

येथवर कागदांची साक्ष झाली. आतां प्रत्यक्ष पाहिलेलें थोडें सांगतों. संग्राहक स्नेह्यांपैकीं एकाजवळ स्वतःची होडी आहे. गतवर्षीं मार्गशीर्षांत त्या होडींतून आम्ही चौघे, आणि दुसऱ्या होडींत आणखी तिघे, मुद्गलच्या बंधाऱ्याच्या फुगवट्यावरून तारूगव्हाणच्या दिशेनें वर निघालों. हेतु इतकाच होता कीं कांठावरील जुने घाट व उतार पाण्याच्या बाजूनें पाहावे. पाणी तळ्यासारखें निश्चल होतें. ओढ्यांचीं तोंडें भरून खाड्यांसारखीं झालीं होतीं, आणि कांठच्या बाभळींचे बुंधे पाण्यांत उभे होते. एक होडी पुढें, एक मागें, अशा गप्पा मारीत केलेल्या प्रवासास सुखाचा म्हणावयास प्रत्यवाय नाहीं. परंतु ज्यासाठीं गेलों तें साधलें नाहीं. घाटांच्या वरच्या पायऱ्या तेवढ्या दिसत. ज्या खालच्या पायऱ्यांशीं नाव लागे, त्या पाण्याखालीं. खडकांतले उतार तर मुळींच ओळखूं येईनात. दिवस मावळतीस पाणी उथळ झालें, होड्या दोनदां खडकास लागल्या, आणि खालीं उतरून त्या ढकलाव्या लागल्या. पुढें वरचा बंधारा आडवा. त्यास पाणी अडविण्याचीं द्वारें आहेत. नाव वर-खालीं करण्याची सोय नाहीं. आम्ही परतलों.

त्या परतीच्या वाटेवर एक गोष्ट मनांत स्पष्ट झाली. १९७६ मध्यें पैठणचें जायकवाडी धरण कार्यान्वित झालें. त्यानंतर ढालेगांव, तारूगव्हाण, मुद्गल, डिग्रस असे बंधारे या जिल्ह्यांत झाले. शेतीस व गांवांस त्यांचा उपयोग मोठा आहे, त्याविषयीं येथें बोलण्याचें कारण नाहीं. पण त्यांनीं नदीची जुनी रीत उलटी केली. पूर्वीं नदी लांबीनें अखंड होती, परंतु नाव चालावी असें पाणी टिकत नसे. आतां पाणी टिकतें, पण नदी लांबीनें तुटली आहे. जुन्या काळीं जलमार्ग नव्हता तो पाण्यामुळें. आज नाहीं तो भिंतींमुळें. या दोन अवस्थांची गल्लत करून आजच्या पाण्यावर कालच्या नावा सोडणें, हा इतिहासाचा मार्ग नव्हे.

यावरून संग्राहकांस दोन-तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, गंगथडीच्या कोणत्याही पत्रांत ‘नदी उतरून’, ‘गंगापार’ अथवा ‘नावेनें’ असा मजकूर आढळला कीं प्रथम तिथि पाहावी. श्रावणांतील ‘उतरून’ आणि माघांतील ‘उतरून’ यांत नाव आणि पाय एवढें अंतर आहे. दुसरी, मोडी कागदांत अनुस्वार बहुधा देत नाहींत. त्यामुळें नाव आणि नांव हे शब्द सारखेच दिसतात. नांवनिशीच्या यादीस नावांची यादी समजण्याचा प्रमाद नवख्याकडून सहज होईल. तेव्हां आंकड्यापुढें माणसें आहेत कीं होड्या, हें संदर्भावरून ठरवावें. तिसरी, ग्रामनामांवर भार टाकूं नये. तारूगव्हाण या नांवांत तारू म्हणजे नाव हा शब्द ऐकूं येतो, आणि आम्हांसही त्याचा मोह झाला. परंतु नुसत्या ध्वनिसाम्यावरून तेथें नावांचें ठाणें होतें असें म्हणणें धाडसाचें होईल. आणि होतें असें ठरलें तरी तें तरीचें ठाणें, बंदर नव्हे.

ज्या कागदांत या विषयाचें खरें उत्तर सांपडेल ते तवारिखांत किंवा दरबारी पत्रांत नसून घरगुती दप्तरांत असावयाचे : तरीचा मक्ता, नावाड्यांच्या हक्कांचे तंटे, कुळकर्ण्यांच्या वह्यांतील उतराईच्या रकमा, क्षेत्रोपाध्यांच्या वह्यांतील यात्रेकरूंच्या नोंदी. असे कागद एरवीं क्षुल्लक म्हणून बाजूस पडतात. ज्या घाटांवर ते खर्च झाले त्या घाटांच्या पायऱ्या आतां पाण्याखालीं आहेत, आणि नावेच्या जागीं पूल आल्यामुळें नावाड्यांच्या घरांत ते जपून ठेवण्याचें कारणही उरलेलें नाहीं. गंगाखेड, मुद्गल, धारासूर या बाजूच्या आमच्या वाचकांनीं असे तुकडे रद्दींत जाण्यापूर्वीं उतरून घ्यावे, आणि उतरून घेतांना तिथि, गांव व थडी हीं तीन न चुकतां लिहावीं. यांपैकीं एखाद्या कागदानें आमचें वरील म्हणणें खोटें ठरविलें, आणि भरल्या मालाची एक नाव जरी पैठणाहून गंगाखेडावरून खालीं नांदेडास गेलेली निघाली, तरी आम्ही तो कागद याच पृष्ठांतून आनंदानें प्रसिद्ध करूं. तोंवर गंगथडीची नाव ऐलथडीहून पैलथडीस जाणारीच होती, असें आमचें मत आहे.